दक्षिण महाराष्ट्रातील नवोदित डिझायनरांचे काम मांडणारे संकेतस्थळ कसे असावे?

प्रश्न — पंचगंगा_घाट

सर्वांना नमस्कार.

आम्ही कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजी परिसरातील सहा जण आहोत. उपयोजित कला, वस्त्र आणि वस्तुरचना अशा निरनिराळ्या शाखांतून शिकून गेली काही वर्षे याच भागात काम करीत आहोत. आमच्यानंतर शिकून बाहेर पडलेल्या आणि पुण्यामुंबईला न जाता इथेच राहू इच्छिणाऱ्या तरुण डिझायनरांचे काम एका ठिकाणी पाहता येईल, असे संकेतस्थळ उभारण्याचे आम्ही ठरविले आहे. पहिल्या टप्प्यात ४० जण सहभागी होत आहेत. कोणी हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांची नवी घडण करतो, कोणी यंत्रमागावरच्या कापडाचे नमुने तयार करतो, कोणी चामड्यात काम करते, कोणी दुकानांच्या पाट्यांसाठी देवनागरी अक्षरे रेखाटते, तर दोघे ॲनिमेशन करतात.

बिहान्स, ड्रिबल ही डिझायनरांची कामे मांडणारी संकेतस्थळे आणि इन्स्टाग्राम असताना हा खटाटोप कशासाठी, असे आम्हांला अनेकांनी विचारले. सहभागी होणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम तिथे आहेच. मात्र तिथे ते इतर डिझायनरांना दिसते. हुपरीतला कारखानदार किंवा सांगलीतला बेदाण्याचा व्यापारी तिथे जाऊन इंग्रजी शब्दांनी शोध घेत नाही, आणि त्याच्या गावापासून वीस किलोमीटरवर राहणारी मुलगी त्याला हवे तेच काम उत्तम करते, हे त्याला कधीच कळत नाही. हे अंतर कमी व्हावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आम्ही एक चाचणी-आवृत्ती तयार केली. मुखपृष्ठावर संपूर्ण पडदा व्यापणारी पाच सरकती चित्रे, त्यांखाली छायाचित्रांची जाळी, आणि नाव पाहण्यासाठी चित्रावर माउस न्यायचा, अशी तिची रचना होती. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ती आम्हां सर्वांना अतिशय आवडली. मग आमच्या ओळखीच्या, चांदीच्या दागिन्यांचा लहान कारखाना चालविणाऱ्या एका गृहस्थांना ती त्यांच्याच फोनवर उघडायला दिली. पहिले चित्र उमटायला इतका वेळ लागला की नेट गेले आहे का, असे त्यांनी विचारले. त्यानंतर एका चित्रावर त्यांनी बोट ठेवले, तोच ते सरकले आणि भलत्याच व्यक्तीचे पान उघडले. नावे तर त्यांना दिसलीच नाहीत, कारण फोनला माउस नसतो. शेवटी ते म्हणाले, "छान आहे सगळं, पण यातलं आमच्या कामाचं कोण?"

त्या दिवसापासून आम्ही मुखपृष्ठावरच अडलो आहोत. मुखपृष्ठावर काय असावे, ४० जणांचा क्रम कसा लावावा म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही, आणि मजकूर मराठीत ठेवावा की इंग्रजीत, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ — मांडणीकार

नमस्कार. वस्तुसंग्रह आणि कलासंग्रहांची संकेतस्थळे आखण्याचे काम मी बारा वर्षांपासून करीत आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

"यातलं आमच्या कामाचं कोण?" हे त्या गृहस्थांचे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावा, कारण तुमच्या संकेतस्थळाने ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे तो प्रश्न हाच आहे. तुमच्याकडे तीन प्रकारचे लोक येतील: काम देऊ इच्छिणारे, जोडीदार शोधणारे डिझायनर, आणि विद्यार्थी व शिक्षक. तिघांनाही सारखेच खूश करायला गेलात तर तुमची पहिली आवृत्ती पुन्हा तयार होईल. काम देणारा हा मुख्य वाचक धरा. त्याची सोय झाली की उरलेल्या दोघांची बरीचशी आपोआप होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

माझा दुसरा आग्रह असा की मुखपृष्ठ सध्या बाजूला ठेवा आणि एका कामाचे पान आधी तयार करा. तुमच्याकडे येणारे बरेचसे लोक व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट एखाद्या दागिन्याच्या किंवा पाटीच्या पानावर उतरतील आणि मुखपृष्ठ कदाचित कधीच पाहणार नाहीत. म्हणून ते एकच पान स्वतःच्या पायावर उभे राहिले पाहिजे: हे काय आहे, कोणी केले, कोणत्या गावी, कोणासाठी, प्रत्यक्षात तयार झाले की आराखडाच आहे, आणि करणाऱ्याशी बोलायचे तर कसे, हे सारे तिथेच कळायला हवे. हा दुवा व्हॉट्सॲपवर पाठविला असता त्याबरोबर त्या कामाचे चित्र आणि नाव दिसते ना, हेही तपासा. ती सोय पानाच्या माहितीत वेगळी नोंदवावी लागते आणि ती हटकून विसरली जाते.

नवोदितांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपावी लागते. मुरलेल्या डिझायनराकडे दाखवायला नावाजलेली गिऱ्हाइके असतात, तर नवोदिताकडे त्याची विचार करण्याची रीत असते. म्हणून नुसते शेवटचे चकचकीत छायाचित्र नको. पहिले कच्चे रेखाटन, फसलेला नमुना, तो का फसला याच्या दोन ओळी आणि मग पूर्ण झालेली वस्तू, असे सहा ते आठ चित्रांत मांडा आणि प्रत्येक चित्राखाली एक वाक्य लिहा. बेंटेक्सच्या साच्यात न बसलेली पैंजणाची कडी चांदीत कशी बसविली, हे वाचून कारखानदाराला त्या मुलीबद्दल जो विश्वास वाटेल, तो पन्नास सुंदर छायाचित्रांनी वाटणार नाही.

त्याच पानावर श्रेयाची नोंद सक्तीची करा. महाविद्यालयातील प्रकल्प बहुधा गटाने केलेला असतो, तेव्हा "या कामातील माझा वाटा" अशी ओळ प्रत्येकाने भरलीच पाहिजे. कारागिराचे नावही, त्याची संमती घेऊन, तिथे आले पाहिजे. तुमच्या भागाला हे वेगळे सांगायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या फॅशन-कंपनीच्या सादरीकरणात तशीच पादत्राणे मूळ परंपरेच्या उल्लेखाविना आली तेव्हा आपण सर्वांनी हळहळ आणि संताप व्यक्त केला; पुढे त्या कंपनीने या परंपरेचा वारसा मान्य केला. जो न्याय आपण बाहेरच्यांकडे मागतो, तो आपल्या संकेतस्थळावर चपलेचा तळ शिवणाऱ्यालाही मिळावा, असे मला मनापासून वाटते.

आता मुखपृष्ठ. सरकती चित्रे काढून टाका. वेबच्या सुगम्यतेची, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीची, जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्या अगदी प्राथमिक स्तरावरच असे सांगितले आहे की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलत राहणारा मजकूर थांबविण्याची सोय असली पाहिजे. तुमच्या कारखानदारांची जी फसगत झाली, ती याच कारणाने. त्याऐवजी हे संकेतस्थळ कशासाठी आहे हे सांगणारे एक वाक्य, शोधाची एक चौकट, आणि खाली कामाचे प्रकार एवढेच ठेवा. ते प्रकार अभ्यासक्रमाच्या भाषेत नकोत. "व्हिज्युअल कम्युनिकेशन" या शब्दाखाली आपल्या दुकानाची पाटी सापडेल, हे दुकानदाराला कसे कळावे? दागिने, कापड, चप्पल आणि चामडे, पाट्या आणि अक्षरे, पाकिटे आणि डबे, ॲनिमेशन, असे बाजारात बोलले जाणारे शब्द वापरा.

फिल्टर थोडेच ठेवा. ४० जणांसाठी कामाचा प्रकार आणि गाव हे दोन पुरेत, आणि फार तर "सध्या काम घेत आहे" हा तिसरा. ज्या निवडीतून शून्य निकाल येणार असेल, ती निवडताच येऊ नये. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे यादीतून एखादे काम उघडून मागे आल्यावर माणूस यादीत होता तिथेच परतला पाहिजे. तो पुन्हा अगदी वर फेकला गेला, तर तीन कामे पाहून कंटाळतो. म्हणून खाली सरकत राहील तशी लांबत जाणारी अखंड यादी मी टाळतो आणि "आणखी दाखवा" असे बटण ठेवतो.

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आवडीचे बदाम, पाहणाऱ्यांची संख्या, क्रमवारी यांतले काहीही नको, कारण ज्याचे मित्र अधिक तो वर जातो आणि तिथेच राहतो. वर्णानुक्रमाने लावलेत तर 'अ'पासून नाव सुरू होणाऱ्यांना कायमचा लाभ मिळतो. रोज मध्यरात्री क्रम नव्याने पिसावा आणि दिवसभर तोच ठेवावा, म्हणजे सकाळी पाहिलेले काम संध्याकाळी त्याच जागी सापडेल. क्रम रोज बदलतो, हे यादीच्या वर एका ओळीत लिहूनही टाका, म्हणजे रुसवेफुगवे होणार नाहीत.

आणि तुम्ही जी चाचणी एका गृहस्थांवर केली, ती आणखी चौघांवर करा. उपयोगसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच दाखवून दिले होते की पाच जणांच्या निरीक्षणातून बहुतेक ठळक अडचणी उघड होतात. फक्त "कसे वाटले?" असे विचारू नका, कारण आपल्याकडे भिडेपोटी सगळे "छान आहे" म्हणतात. "तुमच्या भाचीच्या लग्नासाठी वेगळ्या धर्तीच्या जोडव्या करून देणारे कोणी शोधा," असे काम द्या आणि गप्प बसून पाहा.

उत्तर २ — शिरोरेषा

मांडणीकार यांनी रचनेबद्दल लिहिलेल्या सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे. मी देवनागरी टंकांच्या, म्हणजे फॉन्टच्या, क्षेत्रात काम करते, त्यामुळे भाषेच्या प्रश्नाला उत्तर देते.

मजकूर मराठीत ठेवा आणि इंग्रजी आवृत्ती प्रत्येक पानाला जोडून द्या, मात्र अर्धवट मिसळू नका. मथळे इंग्रजीत, बटणे इंग्रजीत आणि मधला परिच्छेद तेवढा मराठीत, अशी संकेतस्थळे वाचताना दर ओळीला लिपी बदलावी लागते. "काँटॅक्ट" नको, "संपर्क करा" म्हणा. भाषा बदलणारे बटण दाबल्यावर वाचक त्याच कामाच्या दुसऱ्या भाषेतील पानावर जायला हवा, मुखपृष्ठावर नव्हे.

मराठी पानाच्या मुळाशी त्याची भाषा मराठी आहे अशी नोंद जरूर करा. हा केवळ उपचार नाही. ज्या टंकांत तशी सोय आहे, त्यांत ही नोंद वाचूनच मराठी वळणाचे, म्हणजे २००९ च्या शासननिर्णयात प्रमाण मानलेले पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' उमटतात. नोंद नसेल तर हिंदी वळणाचे उमटतात. दृष्टिहीन वाचकांचे पडदावाचकही याच नोंदीवरून मराठी उच्चार निवडतात. अक्षरांवर काम करणारे तरुण तुमच्या यादीत असताना त्यांच्याच नावातला 'श' परका दिसावा, हे बरे नाही.

टंकाची निवड आज अवघड राहिलेली नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो सॅन्स देवनागरी' हे दोन्ही खुल्या परवान्याखाली विनामूल्य मिळतात. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते, म्हणून सात वजने, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे सात प्रकार, भरू नका. साधे आणि ठळक एवढी दोन पुरतात.

खरे घोटाळे मांडणीत होतात, आणि ते बहुधा रोमनसाठी केलेले साचे तसेच्या तसे वापरल्याने होतात. इंग्रजी मथळे अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडून लिहिण्याची पद्धत आहे. तीच जागा देवनागरीत सोडली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळींची उंची घट्ट ठेवून कडा कापणारी चौकट वापरली, तर वरचा रफार आणि वेलांटी, खालचा उकार आणि रुकार छाटले जातात. 'मूर्ती' या शब्दावर प्रत्येक साचा तपासून पाहा. मजकुराच्या ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवल्यास वाचन सुखाचे होते. मथळ्याचे एकेक अक्षर उडत येऊन जागेवर बसते, असा जो देखावा तरुण डिझायनरांना फार आवडतो, त्यात बहुधा प्रत्येक वर्ण सुटा केला जातो; मग वेलांटी एकीकडे, व्यंजन दुसरीकडे आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेले, असे काहीतरी उमटते. हालचाल हवीच असेल तर संपूर्ण शब्दाला द्या.

शोधाच्या चौकटीबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण तुमचे संकेतस्थळ तिच्यावर चालणार आहे आणि मराठीत ती साधी गोष्ट नाही. 'ॲनिमेशन' हा शब्दच घ्या. त्यातला पहिला 'ॲ' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक वर्णाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, स्वतंत्र वर्ण म्हणून २००८ साली आला. त्याआधी आणि आजही पुष्कळ लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे आहेत आणि सारखी रूपे एक करण्याच्या युनिकोडच्या नेहमीच्या प्रक्रियेनेही (सामान्यीकरणानेही) ते एक होत नाहीत. म्हणजे तुमच्या दोन्ही ॲनिमेशन करणाऱ्यांनी एका पद्धतीने लिहिले आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने, तर उत्तर येईल "काहीही सापडले नाही". 'कोऱ्या', 'तऱ्हा' यांतला चंद्रकोरीसारखा 'र'देखील दोन रीतींनी टंकता येतो आणि तिथेही हीच अडचण येते. यावर उपाय एकच: मजकूर साठविताना आणि शोधताना, दोन्ही वेळी या जोड्या एका रूपात आणून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही माफ करा. 'दागीने' लिहिणाऱ्याला दागिने मिळालेच पाहिजेत. शिवाय अनेक जण मराठी शब्द रोमन कळफलकावरच लिहितात, म्हणून प्रत्येक प्रकाराला रोमन लिपीतील दोन-तीन रूपे आतून जोडून ठेवा.

रंगांबाबत एकच सूचना. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर ठेवण्याचा मोह टाळा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत किमान ४.५ ला १ असावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पांढऱ्यावर ७६७६७६ या क्रमांकाचा राखाडी रंग ती मर्यादा जेमतेम गाठतो, तर ९९९९९९ हा केवळ २.८५ वर अडकतो. देवनागरीच्या बारीक गाठी आणि काने फिकट रंगात लवकर हरवतात, त्यामुळे मी तर त्याहूनही गडद रंग घेईन.

उत्तर ३ — हळद_बेदाणा_सांगली

मी या क्षेत्रातला नाही. हळद आणि बेदाण्याची पाकिटे भरून विकण्याचा आमचा लहान व्यवसाय आहे आणि पाकिटांच्या डिझाइनसाठी मी दोनदा माणसे शोधली आहेत. म्हणजे तुमचा मुख्य वाचक मीच आहे, असे वाचताना वाटले, म्हणून लिहितो.

मला सर्वांत मोठी अडचण आली ती खरे छापलेले पाकीट आणि संगणकावर तयार केलेले पाकिटाचे चित्र यांतला फरक न कळल्याची. दोन्ही सारखीच सुंदर दिसतात. एका तरुणाचे काम चित्रात पाहून मी त्याला पाकीट करायला दिले. छपाईला गेल्यावर लक्षात आले की चिकटपट्टीची जागा सोडलेली नव्हती आणि वजन-किमतीचा मजकूर घडीवर आला होता. त्यात त्याचा अप्रामाणिकपणा नव्हता. त्याने तोवर काही छापूनच घेतले नव्हते. पण मला ते आधी कळायला हवे होते. म्हणून मांडणीकार यांनी लिहिलेली "प्रत्यक्षात तयार झाले की आराखडा" ही ओळ पानाच्या अगदी वर, चित्राला लागून असू द्या. तयार झालेल्या वस्तूचे किमान एक छायाचित्र हातात धरलेले असावे, म्हणजे आकार कळतो.

दुसरे असे की लांबलचक अर्ज भरून कोणी संपर्क करणार नाही. आम्ही फोन उचलतो. आणि दर नाही सांगितला तरी चालेल, पण साधारण किती दिवस लागतात आणि किती वेळा बदल करून मिळतील, एवढे लिहिलेले असले तर बोलणे सोपे होते.

उत्तर ४ — नोंदणी_आणि_हक्क

वरील चर्चेत एक बाब राहून गेली आहे आणि ती काम संकेतस्थळावर चढविण्यापूर्वीच पाहिली पाहिजे, कारण नंतर ती दुरुस्त करता येत नाही.

दागिने, चपला, कापडाचे नमुने, डबे यांच्या रूपाला आपल्याकडे डिझाइन्स कायदा, २००० याखाली नोंदणी करून संरक्षण मिळते. हे संरक्षण १० वर्षांचे असते आणि ते आणखी ५ वर्षे वाढविता येते. मात्र नोंदणीसाठी ते डिझाइन नवे असावे लागते, आणि अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात किंवा अन्य कोणत्याही देशात ते प्रसिद्ध झालेले असेल, तर कलम ४ नुसार त्याची नोंदणी होत नाही. संकेतस्थळावर सर्वांना पाहता येईल असे छायाचित्र टाकणे हे प्रसिद्ध करणेच होय. म्हणजे एखाद्या मुलीने जोडव्यांची नवी घडण उत्साहाने तुमच्या संकेतस्थळावर मांडली आणि चार महिन्यांनी एखादा कारखानदार ती घडण घ्यायला तयार झाला, तर नोंदणीचा दरवाजा तिने स्वतःच्या हाताने बंद केलेला असेल. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंसाठी कायद्यात सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, आधी सूचना देऊन आणि सहा महिन्यांत अर्ज करण्याच्या अटीवर आहे. आपण उभारलेले संकेतस्थळ त्यात बसत नाही.

"कॉपीराइट तर आपोआप मिळतो," असे अनेक तरुण मला सांगतात. चित्राला तो मिळतो, हे खरे. परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ याचे कलम १५ पाहावे. जे डिझाइन नोंदविता आले असते पण नोंदविलेले नाही, ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा तयार झाली की त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. यंत्रमागाच्या आणि साच्याच्या जगात ५० हा आकडा एका सकाळीही पार होतो.

म्हणून तुमच्या काम-नोंदणीच्या अर्जात, छायाचित्र चढविण्याच्या बटणाच्या आधी, साध्या मराठीत एक प्रश्न ठेवा: "हे डिझाइन विकण्याचा किंवा नोंदविण्याचा विचार आहे का?" उत्तर होकारार्थी आले, तर ते काम लगेच प्रसिद्ध न करता अर्ज दाखल होईपर्यंत मसुदा म्हणून ठेवण्याची सोय द्या. तोवर त्या मुलीची जुनी कामे दाखविता येतील. मूल्यवान डिझाइन असेल तर जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा, हेही तिथेच लिहा.

आणखी एक गोष्ट. नवोदितांमध्ये पहिल्या वर्षाचे, अठरा पूर्ण न झालेले विद्यार्थी असतील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती मागतो. सर्वांत सोपे म्हणजे पहिल्या टप्प्यात १८ पूर्ण झालेल्यांनाच घ्या. फोनवरून संपर्क हवा, हे सांगलीच्या सदस्यांचे म्हणणे योग्य आहे, पण तरुण मुलींचे खासगी क्रमांक उघड्या पानावर ठेवू नका. तुमच्या गटाचा एक सामाईक क्रमांक ठेवा आणि विचारणा आली की ती त्या व्यक्तीपर्यंत पोहोचवा. पुढे क्रमांक द्यायचा की नाही हे तिने ठरवावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर — पंचगंगा_घाट

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही सहा जणांनी ही चर्चा एकत्र बसून वाचली.

सरकती चित्रे आम्ही काढून टाकली आहेत. हुपरीच्या एका मुलीच्या पैंजणाचे पान नमुना म्हणून तयार केले असून त्यात तिच्यासह कडी ओतणाऱ्या कारागिराचे नाव, त्यांना विचारून, घातले आहे. छायाचित्रे मूळची प्रत्येकी पाच-सहा एमबीची होती. ती १,२०० पिक्सेल रुंदीची करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठविल्यावर बहुतेक २०० केबीच्या आत आली. प्रत्येक चित्राची लांबीरुंदी आधी नोंदविल्यामुळे पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही, आणि पहिले चित्र सोडून उरलेली चित्रे वाचक खाली येईल तेव्हाच उतरतात. 'मूर्ती' हा शब्द आमच्या तिन्ही साच्यांत छाटला जात होता, हे मान्य करायला हवे.

नोंदणीच्या मुद्द्याने मात्र आम्ही हादरलो. जमा झालेल्या कामांपैकी तीन कामे अशी आहेत की त्यांबद्दल कारखान्यांशी बोलणी चालू आहेत. ती आम्ही आजच चाचणी-आवृत्तीतून काढली. ती आवृत्ती गुप्तशब्दाखाली होती आणि दुवा मोजक्याच माणसांना दिला होता, तरीही त्या तिघांना वकिलांची भेट घेण्यास सांगितले आहे.

एक शंका उरते. "सध्या काम घेत आहे" ही खूण खरी राहावी कशी? सुरुवातीला सगळे ती लावतील आणि वर्षभराने निम्मे नोकरीला लागलेले असतील. त्याशिवाय नवोदित कोणाला आणि किती काळ म्हणायचे, यावर आमच्यात एकमत झालेले नाही.

उत्तर ५ — मांडणीकार

खूण माणसाच्या आठवणीवर सोपवू नका. ती लावल्यापासून ९० दिवसांनी आपोआप उतरावी, आणि उतरण्याच्या आठवडाभर आधी त्या डिझायनराला फोनवर एक निरोप जावा, ज्यातल्या एका दुव्यावर बोट ठेवले की ती पुढील ९० दिवसांसाठी कायम होईल. यासाठी त्याला पुन्हा प्रवेशनाव आणि गुप्तशब्द विचारू नका, नाहीतर कोणीच ते करणार नाही. खूण उतरली तरी त्याचे काम मात्र जागच्या जागी राहू द्या.

नवोदित म्हणजे कोण, हे वयावर ठरवू नका असे मला वाटते. लग्न, बाळंतपण किंवा घरच्या जबाबदारीमुळे दहा वर्षांनी पुन्हा कामाला लागलेली बाईही या क्षेत्रात नवीच असते. पहिले स्वतंत्र काम प्रसिद्ध केल्यापासून पाच वर्षे, अशी मुदत ठेवून पाहा. त्यानंतर त्यांची पाने "आधीची मंडळी" अशा विभागात हलवा, पण पानांचा पत्ता बदलू नका. तीन वर्षांपूर्वी एखाद्या व्यापाऱ्याने जपून ठेवलेला दुवा त्या दिवशीही उघडला पाहिजे, आणि त्यावरचा सामाईक क्रमांक तेव्हाही कोणीतरी उचलला पाहिजे. तो क्रमांक सहांपैकी कोणाकडे राहणार, हे संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी ठरवून घ्या.